वैद्याची मजुरी

१९८३ सालच्या मार्च महिन्यात आमच्या वडील बंधूंचे, म्हणजे आमच्या दादांचे, पित्ताशयातील खड्यांचे ऑपरेशन ठरले होते. दक्षिणेतील एका मोठ्या हॉस्पिटलची तारीख हातात होती. वहिनींनी पिशवी भरली. तीत दोन पायजमे, टॉवेल, दादांचा सिद्दूर आणि मुंबईहून आणलेला पितळी पेला एवढे सामान होते. दादा पहाटेच्या बसने दिमोनाहून निघाले आणि हॉस्पिटलात पोहोचले, तेव्हा दारावर कागद चिकटवलेला होता. इस्राएलमधील डॉक्टरांनी संप पुकारला होता, आणि जी ऑपरेशने थांबू शकतील अशी होती ती सर्व थांबवली होती. दादांना हे कोणी कळवले नव्हते. दुपारच्या बसने ते पिशवी घेऊन परत आले.

तो संप जवळजवळ चार महिने चालला. ज्यांना ते दिवस आठवतात त्यांना ठाऊक आहे की महागाई वर्षाला १०० टक्क्यांच्या वर गेली होती. पगार हातात पडून बाजारात जाईपर्यंत त्याची किंमत उतरत असे. डॉक्टर म्हणत, आमचा मूळ पगार इतका थोडा आहे की रात्रपाळ्यांवर रात्रपाळ्या केल्यावाचून घर चालत नाही. सरकारी तिजोरी सांभाळणारे म्हणत, यांना वाढ दिली तर उद्या सगळेच मागतील. तातडीचे रुग्ण पाहिले जात होते. बाकीच्यांसाठी डॉक्टरांनी निराळी केंद्रे उघडली होती; तेथे पैसे मोजून तपासून घेता येत असे. जून महिन्यात डॉक्टर उपोषणाला बसले, एकामागून एक हॉस्पिटलांतून ते लोण पसरले, आणि मग कुठे तडजोड झाली.

साठलेल्या रुग्णांच्या रांगेत दादांचा नंबर सुक्कोथचा सण उलटल्यावर लागला. मधल्या महिन्यांत कळ आली की ते रात्री स्वयंपाकघरातल्या थंड फरशीवर भिंतीला पाठ लावून बसत. तीन वेळा त्यांना तातडीच्या विभागात न्यावे लागले. तिन्ही वेळा डॉक्टरांनी आपुलकीने तपासले, कळ थांबवण्याचे इंजेक्शन दिले आणि घरी पाठवले. कोणी हिडीसफिडीस केले नाही. "माणसे चांगली आहेत, आणि तरी मला परत पाठवतात," असे दादा म्हणत, आणि त्यांना तेच अधिक लागे.

येथे सांगितले पाहिजे की दादा संपाचे शत्रू नव्हते. आलिया करण्यापूर्वी ते परळच्या एका गिरणीत साचेवाले होते, आणि दिमोनातही कापडाच्याच कारखान्यात लागले होते. त्याच सुमारास मुंबईत जानेवारी १९८२ पासून गिरण्यांचा संप चालू होता. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर होते. जुन्या सोबत्यांची पत्रे येत, ती दादा आम्हाला वाचून दाखवत आणि कामगारांचीच बाजू घेत. परंतु डॉक्टरांचा विषय निघाला की ते म्हणत, "गिरणी बंद पडली तर ताका साच्यावर पडून राहतो. माझे पोट काय साच्यावरचा ताका आहे?"

दादांच्या या प्रश्नाला त्या वेळी आमच्याजवळ उत्तर नव्हते. पुढे २००० साली डॉक्टरांचा संप झाला, २०११ साली झाला, २०२१ साली शिकाऊ डॉक्टरांनी सामुदायिक राजीनामे दिले, आणि प्रत्येक वेळी तोच प्रश्न आमच्या घरात नव्याने उभा राहिला. ज्याच्या हातात दुसऱ्याचा जीव आहे, त्याने आपल्या मजुरीसाठी तो हात मागे घ्यावा काय?

या प्रश्नावर लोक सहसा दोन उत्तरे देतात. एक पक्ष म्हणतो की वैद्यकी ही सेवा आहे, सेवेचे मोल होत नाही, म्हणून डॉक्टरांनी पगाराची भाषा करू नये. दुसरा पक्ष म्हणतो की डॉक्टर हा इतरांसारखाच कामगार आहे, बाजारात जो भाव मिळेल तो त्याने घ्यावा. आम्हाला दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात. पैकी पहिले ऐकायला गोड असल्यामुळे अधिक फसवे आहे. एखाद्या गोष्टीचे मोल होत नाही असे म्हणावे, आणि मोल होत नाही म्हणून ते देऊच नये, हा कोणता न्याय? आईच्या कष्टांबद्दल, शाळामास्तरांबद्दल, नर्सबद्दल आपण हेच करीत आलो आहोत. तोंडाने थोरवी गायची आणि खिशाला हात लावायचा नाही.

आपल्या शास्त्रकारांनी हा पेच फार पूर्वी ओळखला होता. १६ व्या शतकात राव योसेफ कारो यांनी रचलेल्या शुलहान आरूखमध्ये वैद्याच्या मोबदल्याचा विचार आहे. त्याचा आशय असा की बरे करण्याची विद्या ही परमेश्वराची देणगी आहे, तिची किंमत वैद्याने घेऊ नये. परंतु त्याला पडलेले श्रम आणि त्याचा गेलेला वेळ यांची मजुरी त्याने घ्यावी. हा भेद आम्हाला मोठा शहाणपणाचा वाटतो. रुग्णाचा जीव किती मोलाचा, यावर वैद्याचे बिल ठरत नाही. तसे ठरू लागले तर मरणाच्या दारातल्या माणसाकडून सर्वस्व मागता येईल. परंतु वैद्य रात्रभर उभा राहिला, त्या रात्री त्याला दुसरे काही करता आले नाही, आपल्या मुलांजवळ बसता आले नाही, याची मजुरी मात्र खरी आहे आणि ती मोजता येते.

ताल्मूदमध्ये याच्या दोन्ही बाजू सापडतात. एखाद्याने दुसऱ्याला इजा केली आणि "मी तुझ्यासाठी फुकट वैद्य आणतो" असे म्हटले, तर जखमी माणसाला नकार देण्याचा हक्क आहे. कारण फुकटच्या उपचारावर कोणाचा भरवसा बसत नाही. आणि दुसरीकडे अब्बा उमाना या रक्त काढणाऱ्या वैद्याची गोष्ट आहे. त्याने पैसे टाकण्याची पेटी बाहेर, नजरेआड ठेवली होती. ज्याच्याजवळ होते तो टाकी. ज्याच्याजवळ नव्हते त्याला कोणासमोर मान खाली घालावी लागत नसे. म्हणजे मजुरी घेणे हा दोष नव्हे, आणि मजुरीमुळे गरिबाला दार बंद होता कामा नये. या दोन गोष्टी एकत्र सांभाळायच्या आहेत.

आपल्या समाजात याचे उदाहरण शोधायला दूर जायला नको. डॉ. जेरुशा झिराड १९२८ ते १९४७ या काळात मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या प्रमुख होत्या. १९६६ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली. सार्वजनिक हॉस्पिटलातले पगारी पद त्यांनी सांभाळले, म्हणून त्यांची सेवा कोणाला कमी प्रतीची वाटली नाही. त्यांचे नाव आपल्या घरांतून आजही आदराने घेतले जाते.

आता अब्बा उमानाच्या पेटीकडे पुन्हा वळू. आजच्या इस्राएलमध्ये ती पेटी कोणाची? १ जानेवारी १९९५ पासून राष्ट्रीय आरोग्य विम्याचा कायदा अमलात आहे. प्रत्येक रहिवासी चार कुपत होलिमपैकी एकीचा सभासद असतो, आणि आरोग्याचा कर बितुआह लेउमीमार्फत आपल्या मिळकतीतून कापला जातो. ज्याच्याजवळ थोडे त्याचे थोडे, ज्याच्याजवळ फार त्याचे फार, आणि दवाखान्याच्या खिडकीवर कोणी कोणाला विचारत नाही की तू किती भरलेस. अब्बा उमानाची पेटीच ही! फरक एवढाच की त्याच्या पेटीत किती जमले आणि ते त्याला पुरले की नाही, हे त्याचे त्याला कळत होते. आपल्या पेटीचा हिशेब दूर येरुशलेमला होतो, आणि आपण समजतो की वैद्याला मजुरी देणारा कोणी दुसरा आहे. भांडण डॉक्टरांचे आणि अर्थखात्याचे, आपण मधल्या मध्ये भरडले गेलो, असे दादा म्हणत. आम्हीही म्हणत होतो. वास्तविक मजुरी देणारा मालक आपणच आहोत, आणि मालक असूनही वाटाघाटीच्या टेबलावर आपली खुर्ची नाही.

खुर्ची नसल्याचा परिणाम काय होतो, ते २००० सालच्या संपात दिसले. तो कित्येक महिने रेंगाळला. त्या काळात बातमी आली की दफनविधी करणाऱ्या संस्थांकडे काम कमी झाले आहे, म्हणजे डॉक्टर संपावर असताना माणसे कमी मरत आहेत. या बातमीवर पुष्कळ विनोद झाले. एका प्रसिद्ध इंग्रजी वैद्यकीय नियतकालिकानेही तिची दखल घेतली. कारण फारसे गूढ नसावे: प्रत्येक मोठ्या ऑपरेशनात थोडा धोका असतोच, ऑपरेशने पुढे ढकलली की तो धोकाही पुढे ढकलला जातो. परंतु आमच्या मनात आले की दादांच्या त्या फरशीवरच्या रात्री कोणत्या वहीत लिहिल्या गेल्या? दफनाच्या वहीत वेदना लिहीत नाहीत. थांबलेली तपासणी, उशिरा सापडलेली गाठ, कामावर न जाता आल्यामुळे बुडालेला रोज, यांची मोजदाद कोणी करीत नाही. आणि ज्याला ऐपत आहे तो दुसऱ्या दाराने जातो. म्हणून वाट पाहण्याचे ओझे दिमोना, येरुहाम, लोद, किर्यात मलाखी येथल्या आपल्यासारख्यांच्या खांद्यावर अधिक पडते.

२००० सालचा संप संपताना प्रश्न लवादाकडे गेला आणि डॉक्टरांनी दहा वर्षे संप न करण्याचे मान्य केले. ती मुदत सरताच २०११ च्या एप्रिलमध्ये पुन्हा ठिणगी पडली. उन्हाळ्यात वैद्यकीय संघटनेचे अध्यक्ष डॉ. लिओनिद आयडेलमान यांनी उपोषण आरंभले आणि ते पायी येरुशलेमला निघाले. ऑगस्टअखेर करार झाला. त्यात १००० नव्या जागा, आणि दूरच्या भागांत जाणाऱ्या डॉक्टरांना जादा पैसे, या चांगल्या गोष्टी होत्या. तथापि तरुण शिकाऊ डॉक्टर नाराज राहिले. त्यांचे म्हणणे होते की पैसा वाढला, पण झोप वाढली नाही.

ही झोपेची गोष्ट आम्हाला त्या वेळी नीट उमगली नव्हती. ती उमगली दादांच्या नातीमुळे. पोर गुणी, दक्षिणेतल्याच एका हॉस्पिटलात शिकाऊ डॉक्टर म्हणून लागली. १९५१ साली या देशाने कामाच्या तासांचा आणि विश्रांतीचा कायदा केला. पण डॉक्टरांसाठी त्यातून खास परवानगी काढून ठेवली आहे, आणि तिच्या आधारे शिकाऊ डॉक्टर सलग २६ तास काम करतो. अशा पाळीला येथे तोरानूत म्हणतात. तिला महिन्यातून सहा-सहा तोरानूत पडत. २०२१ च्या उन्हाळ्यात एका शाब्बाथच्या रात्री आम्ही सर्व दादांच्या घरी जमलो होतो. मनुकांचे शरबत पेल्यात ओतले होते, दादा किद्दूश म्हणू लागले, आणि ती उभ्या उभ्या झोपली. शेजारी वहिनी होत्या म्हणून सावरली.

जेवणानंतर तिने आम्हाला हळू आवाजात सांगितले. त्याच आठवड्यात पहाटे पाचच्या सुमारास एका वृद्ध बाईंचे औषध लिहिताना तिच्या हातून एक शून्य जास्त पडले होते. नर्सने ते पाहिले आणि कागद परत आणला. "धाकटे सबा," ती आम्हाला म्हणाली, "मी तो कागद वाचला, दोनदा वाचला, आणि मला चूक दिसेना." हे सांगताना ती रडली नाही. रडली असती तर आम्हाला बरे वाटले असते.

या बाबतीतही आपल्या शास्त्राने विचार केलेला आहे. दिवसाच्या मजुरीवर लागलेल्या कामगाराने रात्री दुसरीकडे राबू नये, असा नियम आहे. कारण थकलेला हात मालकाचे काम चोरतो. येरुशलेमच्या ताल्मूदमध्ये राव योहानान यांची गोष्ट येते. ते एका गावी गेले असता मुलांचा शिक्षक त्यांना गळून गेलेला दिसला. विचारले तर कळले की तो उपास करतो. राव योहानान यांनी त्याला बजावले की हे तुला वर्ज्य आहे; माणसाच्या कामात जर असे करू नये, तर परमेश्वराच्या कामात मुळीच करू नये. येथे उपासासारख्या धार्मिक गोष्टीलाही सवलत नाही! मग ज्या मालकाने स्वतःच कामगाराला सव्वीस तास जागे ठेवले, त्याला काय म्हणावे? शास्त्रात कामगार मालकाला लुबाडतो; येथे मालक कामगाराची झोप लुबाडतो, आणि तूट भरतो तो बिछान्यावरचा रुग्ण.

म्हणूनच आमचे असे मत झाले आहे की पगार आणि कामाचे तास हे दोन प्रश्न एका तराजूत घालू नयेत. पगाराच्या वादात डॉक्टर आणि करदाता हे दोन पक्ष असतात. तेथे घासाघीस होऊ शकते, आणि तिजोरीलाही आपली बाजू असते. झोपेच्या वादात मात्र डॉक्टर आणि रुग्ण एकाच बाजूला उभे आहेत. शिकाऊ डॉक्टर "मला सव्वीस तास राबवू नका" म्हणतो, तेव्हा ती मागणी त्याची जितकी, तितकीच आपली आहे. ती केवळ त्याच्या तोंडी सोडून आपण गप्प बसलो, तर उद्या चुकीच्या शून्याचा दोष त्या पोरीला देण्याचा आपल्याला अधिकार राहत नाही.

यावर एक रास्त आक्षेप आहे, तो टाळता येणार नाही. तास कमी केले तर माणसे अधिक लागतील. ती कोठून आणायची? तेल अवीवच्या मानाने दक्षिणेत आणि उत्तरेत डॉक्टर आधीच कमी आहेत. तास तोडले आणि जागा भरल्या नाहीत, तर बेर्शेबाच्या रुग्णाला जागा असलेला डॉक्टर मिळण्याऐवजी डॉक्टरच मिळणार नाही. याच अडचणीपायी सरकारने २०२१ मध्ये पाळी २१ तासांवर आणण्याची योजना काढली ती आधी दूरच्या भागांपुरती काढली, आणि तिचीही अंमलबजावणी पुढे ढकलली गेली. त्या ऑक्टोबरात २००० हून अधिक शिकाऊ डॉक्टरांनी राजीनामे लिहून दिले. आक्षेप खरा आहे, पण तो एवढेच सिद्ध करतो की या गोष्टीला पैसा लागेल, आणि तो एका वर्षाच्या अंदाजपत्रकात भागणार नाही. डॉक्टर घडवायला पुष्कळ वर्षे लागतात. स्वस्त कर आणि जागा असलेला डॉक्टर, दोन्ही एकदम मागणाऱ्याने त्या शिक्षकाला उपाशी ठेवून वर मुले चांगली शिकवून मागितली, असे होईल.

राहिला दादांचा मूळ प्रश्न, संपाचा. आमच्या मते डॉक्टरला संपाचा हक्क मुळीच नाही असे म्हणणे अन्यायाचे आहे. ज्याचे कोणी ऐकत नाही त्याच्या हातातली काठी काढून घेतली, तर त्याचे ऐकण्याचे कारणच उरत नाही. परंतु त्या हक्काला मर्यादा आहेत. तातडीच्या रुग्णाला धक्का लागू नये, ही पहिली. ती येथील डॉक्टरांनी सहसा पाळली आहे. सार्वजनिक दार बंद करून बाजूला पैशाचे दार उघडू नये, ही दुसरी. १९८३ साली ती पाळली गेली नाही असे आम्हाला वाटते, कारण गरिबाची अडचण हे हत्यार झाले. आणि सरकारवरही तितकीच मोठी मर्यादा आहे. करार संपण्यापूर्वी बोलणी सुरू करावीत, तिढा पडला तर लवाद नेमावा. उपोषण आणि राजीनामे हाच मोठ्याने बोलण्याचा एकमेव मार्ग ठेवू नये.

तिसरी मर्यादा आम्हाला सुचली नव्हती. ती दादांनी सांगितली. राजीनाम्याचा कागद देण्यापूर्वी नात त्यांना भेटायला आली. तिला वाटले होते आजोबा रागावतील. दादांनी विचारले, "तुझ्या जागी रात्री कोण?" तिने सांगितले की राजीनामा दिला तरी नोटिशीच्या दिवसांत सगळ्यांच्या पाळ्या ठरलेल्या आहेत, तातडीचा विभाग उघडा राहील. दादा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "दे कागद. तुझे म्हणणे मला पटले. पण ज्यांच्या तारखा पुढे जातील, त्या एकेकाला फोन कर. का पुढे गेली ते सांग. मला कोणी सांगितले नव्हते."

अडतीस वर्षांनी त्यांना दुखण्यापेक्षा दारावरचा तो कागद अधिक आठवत होता.

वाचकहो, आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आज कोणी डॉक्टर आहे, नर्स आहे, आणि प्रत्येकाच्या घरी कोणी ना कोणी तारखेची वाट पाहत आहे. पुढच्या वेळी संपाची बातमी आली की आपण कोणाची बाजू घ्यावी, हे ठरवण्यापूर्वी आपल्या कुपत होलिमच्या शाखेत, आपल्या नगरपालिकेत, मत मागायला येणाऱ्या उमेदवाराला एवढे तरी विचारू या की आमच्या हॉस्पिटलात रात्री किती डॉक्टर असतात आणि ते किती तासांचे जागे असतात. मालकाने आपल्या कामगाराची एवढी चौकशी करणे त्याचे कर्तव्यच आहे.